वाचकांचे प्रश्न : बेघरांसाठी दिवसाचं केंद्र

प्रश्न : आमचं मंडळ स्टेशनजवळ बेघरांसाठी दिवसभराचं केंद्र काढतंय. सुरुवात जेवणापासून करावी का?

उत्तर : जेवण नंतर. देऊळ, गुरुद्वारा, दर्गा यांच्या आधाराने एक वेळचं पोट बहुतेकांचं भागतं. मिळत नाही ते अंघोळीचं पाणी आणि पिशवी ठेवायला जागा. पिशवी घेऊन बिगारीच्या कामावर जाता येत नाही. फुटपाथवर ठेवली तर चोरीला जाते किंवा पालिकेची गाडी उचलते, आणि सगळे कागद तिच्यातच असतात. म्हणून पहिला खर्च कुलपाच्या कप्प्यांवर करा. किल्ली इलॅस्टिकने मनगटाला, दुसरी तुमच्याकडे. न आल्यास कप्पा किती दिवस राखणार तेही आधीच सांगा, नाहीतर कप्पे अडकून पडतात.

दार सकाळी सहाला उघडा. मजूर अड्डा सात-आठला भरतो. दहाला उघडायचं आणि मग ‘यांना कामच नको’ म्हणायचं, हे बरं नव्हे. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता यावी, आत कुणाला फिट येऊ शकते. दाढीला प्रत्येकाला नवं ब्लेड, वापरलेलं जाड डब्यात. एकच ब्लेड फिरवलं की हिपॅटायटिस बी पसरू शकतो. बायकांना नुसती वेगळी वेळ देऊ नका, वेगळं दार द्या. वेळ ठरवली की पुरुष बाहेर घुटमळत राहतात आणि बायका यायच्या बंद होतात.

प्रश्न : पत्ताच नाही, तर आधार कसं काढायचं?

उत्तर : आधी विचारा, पूर्वी कधी काढलं होतं का? बहुतेकांनी काढलेलं असतं, हरवलेलं असतं. अशा वेळी नवी नोंदणी केली तर ठसे जुळून ती बाद होते आणि महिना वाया जातो. आधार सेवा केंद्रात नाव, लिंग आणि नोंदणीच्या वेळचा जिल्हा किंवा पिनकोड सांगून, ठसा देऊन जुना क्रमांक शोधता येतो. जिल्हा गावाकडचा असतो, आत्ताचा नव्हे. इथेच गाडी अडते. विटा-सिमेंटच्या कामाने ठसे झिजले असतील तर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. मोबाइल क्रमांकही त्याच फेरीत बदलून घ्या.

खरोखरच नवं असेल, तर मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुख, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी ठरलेल्या नमुन्यात दाखला देऊ शकतात. शिक्का फोटोवर अर्धा यावा, खाडाखोड नको. दाखला तीनच महिने चालतो. मतदार यादीसाठी मात्र नमुना 6 भरायचा. बेघर माणूस त्या जागी झोपतो का, हे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) रात्री येऊन पाहतात, पत्त्याचा कागद लागत नाही.

प्रश्न : खरजेचं मलम देऊनही खाज परत येते.

उत्तर : मलम बरोबर, कपडे तेच. डॉक्टरांनी 5 टक्के परमेथ्रिन दिलं असेल तर संध्याकाळी मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावायचं. एका मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅम लागतं. हात धुतले की हातांना पुन्हा. सकाळी अंघोळ, लगेच धुतलेला जोड. जुना जोड घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत निदान तीन दिवस. आठवड्याने पुन्हा हेच. एका गोधडीत झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाला सोडून चालत नाही. मेलेल्या किड्यांमुळे खाज दोन-तीन आठवडे राहू शकते, तेवढ्यावर मलमाचा मारा वाढवू नका.

प्रश्न : पिऊन आलेल्याला आत घ्यावं का?

उत्तर : मारामारी करत नसेल तर घ्या, बाटली दाराशी ठेवा. ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत फिट, भ्रम, जिवावर बेतणंही होतं. हात थरथरणं, घाम, असंबद्ध बोलणं दिसलं की थेट सरकारी रुग्णालयात न्या.