दोन अजॅक्सांची एक नोंद होऊ देऊ नका

ट्रॉयच्या युद्धातल्या अजॅक्स नावाच्या दोन ग्रीक वीरांपैकी तेलमनपुत्र अजॅक्सने तलवारीवर देह टाकला असे तुम्ही कोशाच्या नोंदीत लिहिलेत आणि ‘हा तर समुद्रात बुडाला ना?’ असा शेरा मारून संपादकांनी ती परत पाठवली, हे वाचून एका कोशकार्यालयाची आठवण झाली. तिथे माझ्या दोन स्वतंत्र नोंदी, नाव एकच म्हणून, मला न विचारता एकत्र करण्यात आल्या. परिणामी छापील पानावर एकच वीर आत्महत्या करून नंतर ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा हिला अथेना देवीच्या मूर्तीपासून ओढून नेऊ लागला. तक्रारीवर ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ एवढेच उत्तर मिळाले. ती आवृत्ती अजून निघालेली नाही.

माझ्या मते संपादकांना वंशावळ पाठवून उपयोग नाही, कारण ती कोणी वाचत नाही. त्यांना ढाल दाखवा. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या सातव्या सर्गात सालमिसचा धिप्पाड अजॅक्स, म्हणजे तेलमनचा मुलगा, बुरुजासारखी ढाल घेऊन ट्रॉयचा वीर हेक्टर याच्यासमोर उभा राहतो, तिला बैलाच्या कातड्याचे सात थर आणि वर ब्राँझचा आठवा. हेक्टरचा भाला ब्राँझ व सहा कातडी भेदतो आणि सातव्यात अडतो. उलट लोक्रिसचा अजॅक्स, म्हणजे ओइलेउसचा मुलगा, चणीने लहान, लिननचे चिलखत घालणारा आणि भालाफेकीत तरबेज. दोघे अनेकदा खांद्याला खांदा लावून लढतात, घोटाळ्याचे मूळ तेच.

त्या द्वंद्वानंतर हेक्टर अजॅक्सला आपली तलवार भेट देतो, आणि ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात अजॅक्स मरतो तो याच तलवारीवर. हे सूत्र हाती असले की आत्महत्या दुसऱ्याच्या नावावर चढणे शक्यच नाही. बुडण्याची कथा होमरच्याच ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गातली: देवांच्या मर्जीविरुद्ध वाचलो अशी बढाई लोक्रिसवाला मारतो आणि समुद्रदेव पोसायडन त्याच्या पायाखालचा खडक फोडतो.

मी ग्रीक शिकलेलो नाही, भाषांतरांवरून लिहितो, हे ध्यानात घ्यावे. चित्र हवे असल्यास प्राचीन ग्रीक चित्रकार एक्सेकियासने रंगवलेला, फ्रान्समधील बुलोनच्या संग्रहालयातील कुंभ सुचवेन: त्यावर वाकलेला अजॅक्स मातीत तलवार रोवतो आहे. मथळ्यात मात्र दोघांनाही पित्याच्या नावासह छापा, आणि अंतिम मुद्रिते तुम्हाला दाखवण्याची अट लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.