घातांकी वक्रात अ, ब, क बदलले की काय होतं?

सूत्र य = क + अ × (ब चा ट-वा घात) असंच ना? मग नागपुरातल्या मे महिन्यातला टपरीवरचा चहा घ्या. हवा ४५ अंश, चहा ८५. य म्हणजे चहाचं तापमान, ट म्हणजे गेलेली मिनिटं. क म्हणजे ४५. वक्र तिकडे सरकत जातो, पण खाली जात नाही. अ म्हणजे सुरुवातीचा फरक, ४०. खरी गंमत ब ची. ब ०.९ असेल तर दर मिनिटाला फरक १० टक्के घटतो, साधारण साडेसहा मिनिटांत निम्मा. ०.८ केला तर तीनच मिनिटांत! ब १ पेक्षा मोठा असला की वाढ, नेमका १ असला की आडवी रेघ. जानेवारीत हवा गार, म्हणून फक्त क आणि अ बदला. आणि मे महिन्यातच १० अंशांचं सरबत ठेवलंत तर अ उणे ३५. वक्र उलटा, खालून ४५ कडे चढणारा.