वाचकांचे प्रश्न: सगळे ‘छान आहे’ म्हणाले, मग अडलं कुठे?

यूएक्स म्हणजे वापरकर्त्याच्या अनुभवाच्या डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या पत्रांना या वेळी उत्तरं.

प्रश्न: एम.डेस.च्या प्रबंधासाठी एसटीच्या तिकीट आरक्षणाच्या ॲपचा प्रोटोटाइप (चाचणीपुरता नमुना) फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केला आहे. सहा जणांना दाखवला. सगळे ‘छान आहे, सोपं आहे’ म्हणाले. गाइड म्हणतात, याला संशोधन म्हणत नाहीत. काय चुकलं? (विद्यार्थिनी, पुणे)

गाइडचं बरोबर आहे. तुम्ही ॲप दाखवलंत आणि लोकांनी तुमचं मन राखलं. ओळखीच्या मुलीनं रात्र जागवून काही केलंय म्हटल्यावर तोंडावर ‘नाही जमलं’ म्हणणारा माणूस आपल्याकडे विरळा. म्हणून मत विचारू नका, काम द्या.

चिठ्ठीवर एवढंच लिहा: ‘तुमची आत्या ७६ वर्षांची आहे. शुक्रवारी तिला घेऊन स्वारगेटहून कोल्हापूरला जायचंय. अंधार पडायच्या आत पोचायला हवं.’ आता बघा काय होतं. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे आणि ७५च्या पुढच्यांना प्रवास मोफत, म्हणजे आत्याला कोणती सवलत लावायची हे समोरच्याला ठरवावं लागतं. शिवाय गाडी कधी सुटते यापेक्षा ती कधी पोचते याला इथे महत्त्व आहे. तुमच्या यादीत फक्त सुटायची वेळ असेल, तर माणूस तिथेच थांबेल. हे ‘छान आहे’मधून कधीच कळलं नसतं.

बटणावरचे शब्द चिठ्ठीत येऊ देऊ नका. बटणावर ‘आरक्षण करा’ असेल आणि चिठ्ठीतही ‘आरक्षण करा’ असेल, तर तो शब्द जुळवण्याचा खेळ झाला. फिग्मात चुकीच्या जागी टॅप केलं की दाबता येणाऱ्या जागा निळ्या चमकतात. ती सोय चाचणीआधी बंद करा, नाहीतर ॲपच उत्तर सांगून टाकतं. चुकीच्या वाटांचे निदान दोन-तीन स्क्रीनही जोडून ठेवा. एकच बटण जिवंत असेल तर माणूस ते शोधून काढतोच.

बसताना सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. शक्यतो चाचणी घेण्याचं, बोलण्याचं काम वर्गमित्राकडे द्या आणि तुम्ही नोंदी घ्या. समोरचा गप्प झाला तर ‘मनात काय चाललंय ते बोला’ एवढंच म्हणायचं. ‘हे दाबू का?’ असं विचारलं, तर ‘मी नसते तर काय केलं असतं?’ असा उलटा प्रश्न. मदत करावीच लागली तर नोंदवा; प्रत्येक कामापुढे ‘स्वतः जमलं’, ‘मदतीनं जमलं’, ‘नाही जमलं’ यातलं एक आणि पहिला टॅप कुठे पडला ते लिहा. चार-पाच कामं, पाऊण तासाच्या आत. पहिल्या माणसावर फक्त चिठ्ठ्या तपासा, त्याचे आकडे मोजू नका.

आणि ‘हे ॲप वापराल का?’ हा प्रश्न काढूनच टाका. ‘मागच्या खेपेला तिकीट कसं काढलंत?’ असं विचारा.

प्रश्न: अशा चाचणीला पाच जण पुरेसे असतात असं वर्गात शिकलो. परीक्षक मानत नाहीत. (विद्यार्थी, नागपूर)

वापरसुलभतेचे संशोधक नील्सन आणि लँडाउर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित असं: एखादी अडचण एका वापरकर्त्याला येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी एकदा तरी समोर येतात. पण हे ‘३१’वर उभं आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. वापरणारे दोन अगदी वेगळ्या तऱ्हेचे असतील, समजा कॉलेजातली मुलं आणि साठीच्या पुढचे प्रवासी, तर प्रत्येक गटातून पाच घ्या.

तुमचे परीक्षक बहुधा दुसऱ्याच गोष्टीवर अडले असावेत. अडचणी शोधायला पाच चालतात, टक्केवारी सांगायला नाही. ‘पाचपैकी चौघांना जमलं म्हणून यश ८० टक्के’ असं लिहिलंत, तर ९५ टक्के विश्वासार्हतेनं खरा आकडा साधारण ३६ ते ९८ यांत कुठेही असू शकतो. ‘पाचपैकी चार’ असंच लिहा आणि पाचवा कुठे अडला ते सविस्तर सांगा.

प्रश्न: एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली मराठीत केली. प्रोटोटाइपवर लोक अडखळत होते, तरी बऱ्याच जणांचे गुण शंभरपैकी बरोबर ५० आले. असं कसं? (विद्यार्थिनी, नाशिक)

कागद काढून बघा, त्यांनी दहाही विधानांना एकच पर्याय दिला असेल. जॉन ब्रूक यांच्या या १९८६च्या प्रश्नावलीत विषम विधानं स्तुतीची आणि सम विधानं तक्रारीची आहेत; प्रत्येकाला १ (अजिबात सहमत नाही) ते ५ (पूर्ण सहमत) यांतलं उत्तर द्यायचं असतं. विषमच्या उत्तरातून १ वजा करायचा, समचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरीज अडीचनं गुणायची. सगळीकडे ५ दिले तर विषमचे २०, समचे शून्य, गुण ५०. सगळीकडे १ दिला तरी ५०च. म्हणजे विधान न वाचताच खुणा झाल्या. अशा वेळी विधानं स्वतः वाचून दाखवा, किंवा सगळी विधानं स्तुतीची असलेली आवृत्ती वापरा. तिचे गुण मूळ आवृत्तीच्या जवळपासच येतात, मात्र तिथे प्रत्येक उत्तरातून १ वजा करायचा.

भाषांतरही तपासा. आठव्या विधानातला ‘कम्बरसम’ शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कळत नाही म्हणून तिथे ‘ऑक्वर्ड’ वापरतात. कोशात बघून ‘अवजड’ लिहिलंत, तर लोक फोनमधली जागा तपासतील! ‘वापरताना त्रासाचं वाटलं’ असं साधं लिहा. आणि हे गुण टक्के नव्हेत: सरासरी ६८च्या आसपास मानतात, त्यामुळे ७० म्हणजे सरासरीच्या जरासं वर, विशेष प्रावीण्य नव्हे.

प्रश्न: मराठी मजकूर बटणात वरून कापला जातो. (विद्यार्थी, पणजी)

इंग्रजीसाठी ठरवलेली १.२ ओळउंची (ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट) देवनागरीला पुरत नाही. वर रफार-अनुस्वार, खाली उकार. १.५ पासून सुरू करा आणि बटणाला ठरावीक उंची न देता आत मोकळी जागा द्या. ‘सर्वांत’ आणि ‘कर्तृत्व’ हे दोन शब्द टाकून बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मग फोनचा फॉन्ट सगळ्यांत मोठा करून तीच स्क्रीन पुन्हा उघडा.