पूर्वस्मृतीतला ‘होता’ कुठवर लावायचा?

प्रश्न असा आहे: कथा साध्या भूतकाळात चालली आहे आणि मध्येच पात्राला जुनं काही आठवतं. त्या आठवणीतल्या प्रत्येक क्रियापदाला ‘होता-होती-होतं’ लावायचं का?

मुळीच नाही. पूर्ण भूतकाळ, म्हणजे हा ‘पाहिलं होतं’सारखा काळ, एवढंच सांगतो की हे कथेतल्या चालू क्षणाच्या आधी घडून गेलं. वाचक एकदा मागे गेला की या काळाचं काम संपलं. एक-दोन वाक्यं पुरतात:

‘तीन वर्षांपूर्वी याच स्टेशनवर तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं. तिची गाडी चुकली होती. तिनं त्याला वेळ विचारली. त्यानं मान वर न करताच सांगितली.’

तिसऱ्या वाक्यापासून साधा भूतकाळ आला, तरी कुणी गोंधळत नाही. उलट सगळीकडे ‘होतं’ ठेवलं तर दर वाक्याच्या शेवटी तेच यमक वाजतं.

घोळ होतो तो परतताना. आठवणही साध्या भूतकाळात आणि मूळ प्रसंगही, त्यामुळे ‘ती उठली’ म्हटल्यावर कोणत्या दिवशी उठली ते कळत नाही. तिथं नवा परिच्छेद करावा आणि पहिल्याच वाक्यात ‘आता’ किंवा चालू प्रसंगातली एखादी वस्तू, आवाज आणावा. नुसत्या तीन फुल्यांवर (***) भागवणं मला आळशीपणाचं वाटतं.

आठवण सवयीची असेल तर रीतिभूतकाळ: ‘यायचा’, ‘येत असे’, ‘येई’. ‘येई’ आज जुन्या वळणाचं वाटतं. बोलभाषेतल्या निवेदनात ‘यायचा’च शोभतं.

‘होता’ची आणखी एक खोड. ‘सुलभा आली आहे’ म्हणजे ती अजून इथंच आहे. ‘दुपारी सुलभा आली होती’ म्हणजे बहुधा येऊन गेली. ती त्या क्षणी हजर होती असं सुचवायचं असेल तर ‘आलेली होती’ लिहावं.

इंग्रजी वाचनातून शिरलेली चूक वेगळीच: ‘तिला वाटलं की तो खोटं बोलत होता.’ मराठीत याचा सरळ अर्थ, तो आधी कधीतरी खोटं बोलत होता. त्याच क्षणाचं सांगायचं तर ‘तिला वाटलं, हा खोटं बोलतोय’. मनातल्या वाक्याचा काळ पात्राच्या घड्याळावर चालतो. म्हणून ‘उद्याच निघायचं, तिनं ठरवलं’ हे बरोबर. पण पुढं निवेदक सांगेल तेव्हा ‘दुसऱ्या दिवशी ती निघाली’.