तुमचे प्रश्न: नमपॅडच नाही हो लॅपटॉपला!

प्रश्न: मी फोर्टला एका सीएकडे आहे, दिवसभर व्हाउचर एन्ट्री. परवा डेस्कटॉप काढून १४ इंची लॅपटॉप हातात दिला, त्याला उजवीकडचा नंबर पॅडच नाही. वरच्या ओळीतले आकडे बघून बघून मारते, स्पीडची पार वाट लागलीय. काही सेटिंग होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: होईल की ताई. विंडोजसाठी ऑटोहॉटकी म्हणून फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात एक टेक्स्ट फाईल लिहायची, प्रत्येक ओळीत एवढंच की कॅप्सलॉक धरून अमुक अक्षर दाबलं तर नमपॅडचा तमुक आकडा पाठव. नेटवरून तयार फाईल उचललीत तर व्हर्जन बघा, १ साठी लिहिलेल्या बऱ्याचशा २ मध्ये एरर देतात. कॅप्सलॉक कायम ऑफ ठेवायची ओळही टाकाच, नाहीतर पार्ट्यांची नावं मध्येच कॅपिटलमध्ये पडतील.

आता कुठला आकडा कुठे. पूर्वी छोट्या लॅपटॉपवर यू-आय-ओला ४-५-६ आणि जे-के-एलला १-२-३ असं अक्षरांच्या कोपऱ्यात छापलेलं असायचं, पण माझं ऐकाल तर तसं नका करू. तुमची बोटं पॅडवर ४-५-६ वर टेकायची ना, मग जे-के-एललाच ४-५-६ द्या, वर यू-आय-ओला ७-८-९, खाली एम, कॉमा आणि फुलस्टॉपला १-२-३, स्पेसबारला शून्य, पॉइंट शेजारच्या स्लॅशवर. घोळ एकच, पॅडवरचा तो बारीक उंचवटा ५ वर असतो आणि इथे तो जे वर म्हणजे ४ वर येतो, मधलं बोट सवयीने तोच शोधत जातं आणि ५ च्या जागी ४ पडतो, मग संध्याकाळी टोटल जुळेना की बसा शोधत! मी के वर नेलपॉलिशचा एक जाडसा ठिपका देऊन टाकला, वाळला की बोटाला बरोबर लागतो.

लॅपटॉप ऑफिसचा आहे तर आधी आयटीवाल्यांना विचारा, ते नाही म्हणाले तर लॅमिंग्टन रोडवर यूएसबी नमपॅड मिळतो तो घ्या, खरं तर आठ तास एन्ट्रीच करायची असेल तर तोच बरा. फाईल स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकलीत की रोज आपोआप चालू होईल, पण लॉगिन झाल्यावरच, तेव्हा सकाळचा पिन वरच्या ओळीतूनच मारावा लागेल.