सहा एकर कचरा प्रकल्पाला भाड्याने द्यायची का? नऊ लाखांचा खरा हिशोब

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात आमची सहा एकर जमीन आहे, सातबाऱ्यावर वडील, आत्या आणि मी अशी तीन नावं. जवळच्या नगरपरिषदेची हद्द साडेतीन किलोमीटरवर, शहराची वस्ती ९० हजार. एक कंपनी कचरा प्रक्रिया प्रकल्पासाठी सगळी जमीन २९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मागतेय, रोजचा कचरा ४० टन. एकरी दीड लाख म्हणजे वर्षाला ९ लाख, दर तीन वर्षांनी ५ टक्के वाढ, वर १८ लाख डिपॉझिट. शेतीतून सगळा खर्च जाऊन अडीच लाख सुटतात. मी पुण्यात नोकरी करतो, पगार १३ लाख. डिपॉझिटमधून फ्लॅटचं कर्ज कमी करायचा विचार आहे. एजंट म्हणतो या महिन्यात सही झाली तरच हा रेट. काय करावं?

उत्तर : आधी डिपॉझिटचं बोलतो कारण तिथे तुमचं मन आधीच गुंतलेलं दिसतंय. ते १८ लाख तुमचे नाहीत. ते परत द्यायचे पैसे आहेत, आणि त्यात तिघांचा वाटा आहे, म्हणजे तुमच्या फ्लॅटच्या कर्जात आत्याचे पैसे जाणार आणि उद्या कंपनी निघून जाताना डिपॉझिट मागेल तेव्हा ते विटांमध्ये अडकलेले असणार. घेतलंच तर तिघांच्या नावावर एफडी, आणि विसरून जा.

आता भाडं. अडीच लाखांच्या जागी नऊ लाख ऐकलं की कुणाचेही डोळे चमकतात, त्यात काही चूक नाही, माझेही चमकले असते. पण दर तीन वर्षांनी ५ टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम दीड-पावणेदोन टक्के वाढ झाली. सत्तावीस वर्षांनी भाडं होतं साधारण १४ लाख, आणि महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर त्या १४ लाखांची किंमत आजच्या हिशोबाने पावणेचार लाखांच्या आसपास. म्हणजे करार संपता संपता तुम्ही शेतीच्या उत्पन्नाच्या जवळपास परत येताय, फरक इतकाच की शेतमालाचा भाव महागाईबरोबर थोडाफार तरी हलतो. वाढ दरवर्षी ५ टक्के मागा, ते नाही म्हणाले तर निदान दर तीन वर्षांनी १५ तरी.

टॅक्सचं पण बघू. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे भाडं नाही. आणि घराच्या भाड्यावर जी ३० टक्के वजावट मिळते ती मोकळ्या जमिनीच्या भाड्यावर मिळत नाही, हे लोकांना आयटीआर भरताना कळतं. तुमच्या पगारावर तुमचे तीन लाख आले की त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागणारच. वडील आणि आत्याचं दुसरं फार उत्पन्न नसेल तर नवीन करप्रणालीत १२ लाखांच्या आत त्यांना काही भरावं लागणार नाही, पण त्यासाठी भाडं तिघांच्या खात्यात वेगवेगळं आलं पाहिजे, सगळं तुमच्या खात्यात घेऊन नंतर वाटत बसू नका.

टॅक्समध्ये याहून मोठी गोष्ट कुणी सांगत नाही. शहराची वस्ती दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन आयकरात ग्रामीण शेतजमीन धरली जाते (हवाई अंतर धरतात, रस्त्याचं नाही, तेवढं मोजून घ्या) आणि अशी जमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. ही सवलत जमीन शेतीची असेल तोपर्यंतच. एनए (बिगरशेती) करून त्यावर प्लांट उभा राहिला की ती गेली. सहाही एकर एनए झाली आणि तुमच्या घराण्याकडे दुसरी शेतजमीन नसेल तर शेतकरी असल्याचा दाखला मिळवायला पुढे त्रास होईल, आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही हे तुम्हाला माहीतच असेल. काही झालं तरी थोडी जमीन शेतीखाली राहिलीच पाहिजे. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर बँकेला विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे नको.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. भाडं किती मिळतं यापेक्षा कंपनी मध्येच पळाली तर जमिनीवर काय उरतं आणि ते कोण उचलतं, तुमच्या व्यवहाराची खरी किंमत तिथे आहे. असं बघा, रोज ४० टन म्हणजे वर्षाला १४,६०० टन. प्लांट नीट चालला तर ओल्याचं खत होतं, सुकं विकलं जातं, थोडं उरतं. पण मशीन बंद पडलं, नगरपरिषदेचं बिल अडकलं, ठेकेदाराने लक्ष काढून घेतलं तरी शहराच्या गाड्या यायच्या थांबत नाहीत, त्या येऊन ओततातच. असं तीन वर्षं चाललं तर ४३,८०० टनांचा डोंगर. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुना कचरा बायोमायनिंग करून, म्हणजे उकरून, चाळून, वेगळा करून हटवायचा खर्च टनाला ५५० रुपये धरलेला आहे, त्या दराने हा डोंगर साफ करायला लागतात २ कोटी ४१ लाख. त्या तीन वर्षांत तुम्हाला भाडं मिळालं असतं २७ लाख, तेही कंपनीने दिलं तर. नऊ लाखांच्या भाड्यात तुम्ही नकळत अडीच कोटींचा विमा विकताय आणि त्याचा प्रीमियम कुणी देत नाहीये.

मी घाबरवतोय असं वाटेल तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी बघा. पुण्याचा कचरा तिथे नव्वदच्या दशकापासून गेला, विहिरींचं पाणी खराब झालं, टँकर आले, प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले नि बंद पडले, बाधितांच्या वारसांना नोकऱ्यांची आश्वासनं मिळाली आणि त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, गावाने पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. औरंगाबादला २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी तिथल्या डेपोत कचरा टाकणं बंद पाडलं तेव्हा अख्खं शहर तुंबलं आणि पालिका दुसरी जागा शोधायला निघाली तर मिटमिट्यात दंगा झाला. अशा वेळी गावाचा राग आधी कुणावर निघतो? महापालिका लांब असते, ज्याने जमीन दिली तो शेजारीच राहतो. हे कुठल्या एक्सेलमध्ये बसत नाही पण तुमचे वडील त्या गावात राहतात, तुम्ही पुण्यात, हे विसरू नका.

उलटं उदाहरणही आहे, तेही सांगितलं पाहिजे. वेंगुर्ला नगरपरिषदेने तिथल्या डंपिंग ग्राउंडचं असं काही केलं की आता लोक ते बघायला जातात. फरक मशीनचा नव्हता, तिथे कचरा घरातूनच वेगळा होऊन येत होता. म्हणून माझा सल्ला, कंपनीचं ब्रोशर वाचण्याआधी दोन-तीन दिवस सकाळी सातला त्या शहरात जाऊन घंटागाडीच्या मागे फिरा. ओला-सुका वेगळा घेतायत की सगळं एकाच टपात? एकाच टपात असेल तर प्लांट कितीही भारी असू दे, तुमच्याकडे मिक्स कचराच येणार आणि खत म्हणून जे निघेल त्यात प्लास्टिक आणि काचा असतील, ते कुणी घेणार नाही, म्हणजे ते तुमच्या रानातच पडून राहणार.

मग करायचं काय. आहे त्या स्वरूपात नाही म्हणा, हे माझं स्पष्ट मत. पण दार बंद करू नका. रस्त्याला लागून दीड एकर तुकडा फक्त सुका कचरा वेगळा करायच्या शेडसाठी द्यायची तयारी दाखवा. ओला कचरा नाही म्हणजे विहिरीत उतरणारं काळं पाणी नाही, आणि उद्या कंपनी गेली तर मागे शेड आणि प्लास्टिकचे गठ्ठे राहतील, डोंगर नाही. एकरी दोन लाख मागा, तीन लाख होतात, उरलेल्या साडेचार एकरातून शेतीचे पावणेदोन-दोन लाख सुटले तरी पाच लाखांच्या घरात जाताय. नऊपेक्षा कमी आहे, हो. पण जमीन शाबूत आहे, विहीर शाबूत आहे. आगीचा विमा मात्र कंपनीच्या खर्चाने, शेजारच्या नुकसानीसकट.

त्यांना सगळीच सहा एकर हवी असेल आणि तुमचंही मन त्यातच असेल तर मुदत २९ ची १० करा, आणि करारात नगरपरिषद तिसरा पक्ष म्हणून सही करेल ही अट घाला, की ठेका रद्द झाला तर अमुक महिन्यांत पडलेला कचरा पालिका स्वतःच्या खर्चाने उचलेल. त्याशिवाय बँक गॅरंटी, डिपॉझिटपेक्षा मला ती महत्त्वाची वाटते, आणि ती दोन वर्षांच्या भाड्याएवढी नको, कचरा हटवायच्या खर्चाएवढी. काम सुरू व्हायच्या आधी विहिरीच्या पाण्याची लॅब टेस्ट करून रिपोर्ट कराराला जोडा, नाहीतर पाच वर्षांनी पाणी आधीपासूनच असं होतं म्हणतील. लँडफिलचा, म्हणजे कचरा कायमचा जमिनीत पुरायच्या जागेचा, शब्द करारात कुठेही असेल तर उठून या. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरलेल्या लँडफिलची बंद झाल्यावरही किमान १५ वर्षं देखभाल करायची अट होती, म्हणजे तुमची नातवंडंसुद्धा तिथे ज्वारी पेरणार नाहीत. त्याच नियमांत रोज ५ टनांपेक्षा मोठ्या प्रकल्पाभोवती बफर झोनची (बांधकामबंदीच्या मोकळ्या पट्ट्याची) तरतूद होती, तो शेजाऱ्यांच्या जमिनीवर कितपत येतो ते वकिलाकडून आत्ताच्या नियमांप्रमाणे तपासून घ्या. भाडेपट्टा रजिस्टरच करायचा, खर्च कंपनीचा. आणि आत्याची सही पहिल्या दिवसापासून, तिला नंतर सांगू असं करू नका.

राहता राहिला एजंट आणि त्याची महिनाअखेर. त्याच्याकडे नगरपरिषदेची वर्क ऑर्डर मागा. टेंडर निघालं असेल तर ते सरकारी ई-टेंडर पोर्टलवर दिसतं, तिथे नाव आणि मुदत बघा. वर्क ऑर्डर नसेल तर समजा की त्याला तुमची जमीन दाखवून टेंडर भरायचंय, आणि मग घाई त्याला आहे. तसं असेल तर भाडेपट्टा नकोच, फक्त सहा महिन्यांचं इरादापत्र द्या आणि त्याचेही वेगळे पैसे घ्या, परत न करायचे. फ्लॅटच्या कर्जात टाकायचे असतील तर त्यातला तुमचा तिसरा हिस्सा खुशाल टाका.