टीएनएफ वाढला, पण कशामुळे?

प्रिय बाळ,

तुझा मेल वाचला. जांबोटीच्या रानातल्या सालीचा अर्क घातल्यावर मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमधून टीएनएफ (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) भरपूर निघाला, आणि गाइड पेपर लिहायला घे म्हणतात. माझं ऐकशील तर लिहायची घाई करू नकोस.

तुझ्या पेशी सालीला उत्तर देतायत की सालीवरच्या जिवाणूंना, हे अजून ठरलेलं नाही. ग्राम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस हे मेद आणि शर्करा जोडलेलं द्रव्य असतं. त्यातला लिपिड ए हा भाग पेशीवरच्या टीएलआर४ आणि एमडी२ या ग्राहक-प्रथिनांच्या जोडीत बसला की पेशी लगेच पेटते; मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमही पुरतो. खानापूरच्या पावसात भिजलेल्या सालीवर असे जिवाणू असणारच. साल काढून देणाऱ्या मामांना विचार, ओली साल पोत्यात किती दिवस पडून होती? हे वहीत लिहून ठेव.

‘ऑटोक्लेव्ह केलं होतं’ हे उत्तर मला देऊ नकोस. १२१ अंशांच्या वाफेवर जिवाणू मरतात, एलपीएस टिकतं. ते घालवायला काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास तापवावी लागतात. एलपीएस शोधणारी एलएएल चाचणी करच, पण वनस्पतींच्या अर्कात काही वेळा त्या चाचणीचीही फसगत होते. म्हणून पेशींच्या ताटलीतल्या एका खळग्यात पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक घाल, ते एलपीएसला धरून ठेवतं. शेजारी तुलनेसाठी शुद्ध एलपीएसचा कंट्रोल हवाच.

जमलं तर टीएलआर४ नसलेल्या पेशी कुणाकडून तरी मिळव; त्यांना एलपीएस कळत नाही. सी३एच/एचईजे जातीचे उंदीर एलपीएसला दाद देत नसत, पण साल्मोनेला जिवाणूंच्या संसर्गाने पटकन मरत. त्यांच्या टीएलआर४ जनुकातला बिघाड ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये शोधला, आणि २०११ च्या नोबेलमधल्या त्यांच्या वाट्यामागे हेच काम होतं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. बाजारातलं काही एलपीएस या उंदरांच्या पेशींनाही चेतवायचं, कारण त्यात जिवाणूंचं लिपोप्रोटीन (मेद जोडलेलं प्रथिन) मिसळलेलं असायचं आणि त्याला टीएलआर२ हा दुसरा ग्राहक ओळखतो. म्हणजे पॉलिमिक्सिनने सिग्नल उतरला नाही, तरी तो सालीचाच परिणाम आहे असं ठरत नाही. टीएलआर२ अडवूनही बघ.

एवढं करून सिग्नल उरला, तर ते तुझं स्वतःचं काम असेल, आणि ते बेळगावातून निघालं याचा मला मनापासून आनंद होईल. उरला नाही, तरी तो आलेख मला पाठव. गाइडशी मी बोलते.

तुझी,
मावशी